सूचीचा फर्मा

सकाळी दहाला वाणी-केंद्रातल्या ताईंचा फोन आला तेव्हा मामा खळ ढवळत होते. उजवा हात खळीनं बरबटलेला, म्हणून फोन डाव्या हातानं उचलला. पुढं दिवसभर त्यांच्या मनात येत राहिलं की डाव्या हातानं उचलला तिथंच बिनसलं. माणूस कात्रीत सापडला की असली कारणं शोधत बसतो.

"तुमचे पाचही तुकडे उघडत नाहीत हो," ताई म्हणाल्या. "संच खराब आहे असं दाखवतंय. सगळी वाक्यं सुटी करून आज पाचपर्यंत पाठवाल का?"

"आज?"

"आजच. आवाज बनवणारी मंडळी पाचला यादी बंद करतात. पुढची फेरी एकदम वर्षानं. तोवर त्यांच्या यंत्रात आपण तयार आवाज टाकू. तसा काही वाईट नसतो तो."

तो तयार आवाज मामांनी केंद्रात ऐकला होता. 'मला पाणी हवे आहे' हे वाक्य ती बाई 'दरवाजा बंद होत आहे' अशा थाटात म्हणत होती. तिच्याबरोबर वर्षभर संसार करायचा, ही कल्पनाच मामांना सोसवेना.

"मी तुमच्याकडे पाठवलेलं आहे ना? ते तरी नीट असेल," मामा म्हणाले.

"नाही हो. उघडलं नाही की आमच्याकडून आपोआप पुसलं जातं. तुमच्याकडे मूळ असेलच की."

मामांनी "हो हो, आहे ना," म्हणून फोन ठेवला. सुटं मूळ त्यांच्याकडे नव्हतं. ते त्यांनीच पुसलं होतं.

हे मामा म्हणजे खरं तर एका भाचीचे मामा, पण ती लहानपणापासून त्यांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात पडीक असल्यामुळे आख्खी गल्ली त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायला लागली. कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, कागद कापायचा एक कटर, दोन लांब टेबलं आणि कागदाची थप्पी. तेहतीस वर्षं मामा फर्मे मोडायचे, म्हणजे छापून आलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा करायचे, आणि मामी टेबलाभोवती फिरत एकेका थप्पीतून एकेक फर्मा उचलून पुस्तक जुळवायच्या. फिरताना मामींचं तोंड अखंड चालू. हातांच्या वेगाला तोंडाचा वेग कधी कमी पडला नाही. मामा वैतागून म्हणायचे, "जरा गप्प बसशील?" आता ते आठवलं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

कारण पाच आठवड्यांपूर्वी मामींचं स्वरयंत्र काढलं. गाठ वाईट होती, दुसरा इलाजच नव्हता. ऑपरेशनच्या आधी केंद्रानं चारशे बारा वाक्यांची यादी दिली होती. ती स्वतःच्या आवाजात वाचून ठेवा, त्यातून आम्ही यंत्रात तुमचाच आवाज बसवू, म्हणाले. मागच्या खोलीत कागदाच्या रिमांच्या मधे मामींना बसवलं, कारण कागद आवाज पितो आणि खोली घुमत नाही. भाचीनं माइक लावला. नऊ दिवस मामी वाचत होत्या. वाक्यं कसली तर काहीच्या बाही, तोंडातून सगळे आवाज निघावेत एवढाच त्यांचा हेतू. एकशे बारावं होतं, 'मावशीच्या मांजरीने मऊ मोजे मजेत मोडीत काढले.' ते वाचून मामी म्हणाल्या, "मोजे मोडीत कसे काढतात हो?" आणि हसायला लागल्या ते थांबेचनात. भाचीनं ते हसू तसंच ठेवलं. घरात मामींचं हसणं रेकॉर्ड झालेलं तेवढंच. लग्नाच्या वेळी कुठं कोण रेकॉर्ड करत होतं?

मग भाचीनं सगळ्या वाक्यांचा एक गठ्ठा बांधला आणि तो मोठा झाला म्हणून त्याचे पाच तुकडे केले. मामांनी गठ्ठा बांधलेला बघितला आणि सुटी वाक्यं पुसून टाकली. पुस्तक बांधून झालं की उरलेली सुटी पानं रद्दीत, हा तेहतीस वर्षांचा शिरस्ता. वर कॉम्प्युटरची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण टेबल झाडल्याशिवाय कारखाना बंद करायचा नाही हाही शिरस्ताच.

"आहे ना मूळ," असं मामा ताईंना सांगत होते तेव्हा मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातात घडी घालायची हाडाची पट्टी होती. आता तीच मामींची जीभ. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही, तीनदा म्हणजे 'इकडे बघा'. त्याहून जास्त काही सांगायचं असेल तर कव्हराच्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या पट्ट्यांवर शिसपेन्सिलीनं लिहायच्या. घरात या पट्ट्यांना तोटा नव्हता.

"काही नाही, सोडवून पाठवायचंय नुसतं," मामा म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

मामींनी दोनदा ठोकलं. नवऱ्याचा खोटेपणा ओळखायला त्यांना आवाज लागत नव्हता.

भाचीला फोन लावला तर बंद. ती शाळेत मास्तरीण, आज परीक्षेची ड्युटी. असल्या दिवशी सगळ्यांचे फोन मुख्याध्यापिकांच्या कपाटात जातात आणि पेपर मोजून झाल्यावरच बाहेर येतात. म्हणजे पाच तर हमखास वाजणार. मामांनी बाही वर केली आणि एकटेच त्या कॉम्प्युटरला भिडले.

कॉम्प्युटर म्हातारा. सुरू होताना घरघरायचा आणि मग काय करायचं ते आपल्या सवडीनं करायचा. मामांनी पहिल्या तुकड्यावर बोट मारलं. गठ्ठे सोडवायच्या सॉफ्टवेअरची चौकट उघडली, बराच वेळ विचारात पडली आणि एका ओळीत निकाल देऊन मोकळी झाली. हा गठ्ठा ओळखीचा नाही किंवा खराब आहे. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी तेच, फक्त वीस मिनिटं गेली.

मग शोधाशोध करून त्यांनी मोडलेल्या फायली दुरुस्त करणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याच्या पहिल्याच पडद्यावर डॉक्टरसारखा पांढरा कोट घातलेला माणूस हसत होता. 'काळजी करू नका,' असं त्याच्याखाली लिहिलं होतं. मामांना जरा धीर आला. कुणीतरी 'काळजी करू नका' म्हणण्याची त्यांना त्या घडीला भलतीच गरज होती.

हिरवी पट्टी सरकायला लागली. 'उरलेला वेळ चार मिनिटं.' मग 'उरलेला वेळ दोन तास अकरा मिनिटं.' मग 'एक मिनिट.' मग पुन्हा 'एक तास.' पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर आली आणि तिथं जी बसली ती हलायचं नाव घेईना. मामांनी उंदीर हलवला, टेबलावर हळूच थाप मारली, खुर्ची मागं घेतली, पुढं घेतली. एखाद्याला बोहल्यावर उभं करून मुहूर्त सांगायलाच विसरावं तसं त्या एका टक्क्यानं त्यांना उभं करून ठेवलं होतं. घड्याळात साडेबारा वाजून गेले.

ठक, ठक, ठक.

"थांब गं," मामा मागं न बघता म्हणाले. "आत्ता होईल."

मामींनी पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्या कोपराशी सरकवली. मामांनी ती बघितलीसुद्धा नाही. त्यांना वाटलं, जेवायला बोलावतेय.

पावणेएकला पट्टी शंभरावर गेली. 'अभिनंदन, तीन फायली वाचल्या.' चारशे बारापैकी तीन! मामांनी त्यातली एक लावली. आधी काहीच नाही, मग तव्यावर मीठ तडतडल्यासारखी खरखर, आणि त्या खरखरीच्या पोटात कुठंतरी अर्धा अक्षरभर मामींचा आवाज. 'म'. नुसता 'म', आणि पुन्हा खरखर.

 इतका वेळ ते वेळेला घाबरत होते. आता पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आवाजच मेलेला असू शकतो. पाच वाजून गेले तर वर्ष जाईल, पण आवाज गेला तर काय? मागून एक श्वास ऐकू आला. ऑपरेशनपासून मामींचा श्वास गळ्यातल्या भोकातून यायचा, जरा जोरात घेतला की शीळ वाजल्यासारखा. त्यांनीही ते ऐकलं होतं.

"ही वरवरची दुरुस्ती होती," मामा घाईघाईनं म्हणाले. "खोल दुरुस्ती वेगळी असते. बघ, इथं बटण आहे."

ठक, ठक, ठक. आणि लगेच पुन्हा ठक, ठक, ठक.

"अगं, डोकं नको खाऊस माझं!" मामा ओरडले. "एक तर मला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यात तुझं हे मागून ठोकणं! माझं मला बघू दे!"

पट्टीचा आवाज बंद झाला. पूर्वी असं काही बोललं की मामी दुप्पट ऐकवायच्या आणि पाच मिनिटांत भांडण संपून चहा व्हायचा. आता खोलीत नुसती कॉम्प्युटरची घरघर उरली. मामांना लाज वाटली, पण मागं वळून बघायचं धैर्य होईना, म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पांढऱ्या कोटातल्या माणसानं विचारलं, 'दुरुस्त केलेला तुकडा मूळ तुकड्याच्या जागी ठेवू का?' मामांनी 'हो' म्हटलं. दुरुस्त केलेलं पुस्तक मूळ पुस्तकाच्याच जागी ठेवतात, कपाटात दोन कशाला ठेवायची? आणि खोल दुरुस्ती सुरू झाली, फर्मा एकपासून.

हे 'फर्मा एक' नाव मामांचं. भाचीनं केलेल्या तुकड्यांना कॉम्प्युटरनं वीतभर लांब, अगम्य नावं दिली होती. ती मामांच्या डोळ्यांत खुपायची. भाची निघता निघता मामींसमोरच म्हणाली होती, "मामा, नावं हवी तशी बदल, फक्त आकडे ओळीनं ठेव. आणि हा वरचा तुकडा आहे ना, यात सगळ्यांची ओळख आणि यादी आहे, हा जप." मामांनी नावं बदलली. आकडे ओळीनं ठेवले. यादीचा तुकडा विशेष जपला.

खोल दुरुस्ती अडीचपर्यंत चालली. मामा उठले नाहीत, जेवले नाहीत. मामी बाहेर कारखान्यात गेल्याचं त्यांना चाहुलीनं कळलं. कटरच्या टेबलावर कागदाची खसफस चालली होती. हिला या वेळी काम सुचतंय, असं त्यांच्या मनात आलं आणि डोळे भरून आले, रागानं की कशानं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पट्टी भरली. 'फर्मा एक दुरुस्त झाला.' मामांनी त्याचा आकार बघितला. सकाळी होता त्याच्या शंभराव्या भागाइतकाही उरला नव्हता. आत काय होतं? तीनच फायली. तीच खरखर, तोच 'म'. बाकी जे समजलं नव्हतं ते सगळं त्या डॉक्टरानं कापून फेकून दिलं होतं, आणि मूळ तुकड्यावरच, मामांच्या 'हो'नं. सॉफ्टवेअरनं मामांना अगदी नावाप्रमाणे मामा बनवलं होतं.

'फर्मा दोन दुरुस्त करू का? मूळ तुकड्याच्या जागी ठेवू का?'

 नाही म्हणावं तर हातात काय आहे? हो म्हणावं तर... पण खराबच असेल तर कापल्यानं आणखी काय बिघडणार? पावणेतीन वाजले होते. काहीतरी करायलाच हवं, या एका भीतीपायी त्यांचं बोट 'हो'वर गेलं.

सटकन हाडाची पट्टी बोटांवर बसली.

मामा कळवळून मागं वळले. मामी उभ्या होत्या. डोळे लाल झालेले, पण हात स्थिर. त्यांनी मामांच्या दंडाला धरलं आणि ओढतच कारखान्यात नेलं. सकाळपासून खुर्चीत बसून आखडलेले मामा फरफटत गेले.

लांब टेबलावर पाच घड्या घातलेले कोरे फर्मे ओळीनं मांडले होते. प्रत्येकावर मामींनी शिसपेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पडद्यावर होतं अगदी तसंच. फर्मा १. फर्मा २. फर्मा ३. फर्मा ४. फर्मा ५ सूची.

"हे काय खेळायची वेळ आहे?" मामा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मामींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या, तेहतीस वर्षं राहत होत्या तशा, आणि फर्मे उचलायला लागल्या. चार उचलला. त्यावर तीन. त्यावर दोन. त्यावर एक. मग टेबलाच्या शेवटाला जाऊन पाच उचलला, सूचीचा, आणि तो एकच्याही वर ठेवला. सगळ्या गठ्ठ्याला कडेनं ठोकून तो सारखा केला आणि मामांच्या छातीवर टेकवला.

 बाइंडरला याहून जास्त सांगावं लागत नाही. पुस्तकात सुरुवातीला जी पानं असतात, नाव, ओळख, अनुक्रमणिका, ती छापखान्यात सगळ्यात शेवटी छापतात, कारण कुठला मजकूर कितव्या पानावर पडला ते तोवर कळलेलंच नसतं. म्हणून तो सूचीचा फर्मा सगळ्यांच्या शेवटी येतो, आकडाही शेवटचा घेतो, आणि जुळवणारी बाई तो शेवटचा उचलून सगळ्यांच्या वर ठेवते. मामांच्या डोळ्यांदेखत हजारो वेळा झालेलं काम. भाचीनं वरचा तुकडा दाखवून 'यात यादी आहे' म्हटल्याबरोबर मामांनी त्याला डोळे झाकून पाच नंबर दिला होता. बाकीचे एकेकानं वर सरकवले. आकडे ओळीनंच होते, फक्त ती ओळ बाइंडरची होती. कॉम्प्युटरच्या सात पिढ्यांत कुणी बाइंडर नव्हता, तो एकपासून वाचायला जात होता आणि पुस्तकाला डोकंच नाही म्हणून परत येत होता.

"म्हणजे खराब काही नव्हतंच?" मामा म्हणाले.

मामींनी एकदा ठोकलं, आणि मघा परत उचलून घेतलेली पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्या हातात दिली. साडेबाराला त्यांच्या कोपराशी सरकवलेली, त्यांनी न वाचलेली. 'सूची वर घ्या,' एवढंच लिहिलं होतं.

मामा मटकन स्टुलावर बसले. साडेबारा! त्यानंतर त्यांनी 'हो' म्हटलं होतं.

"मी तुझा एक फर्मा कापून टाकला गं," ते म्हणाले. "धडधाकट होता तो. मीच हो म्हटलं."

मामींनी क्षणभर डोळे मिटले. मग घड्याळाकडे बोट दाखवलं. पावणेतीन वाजून गेले होते.

नावं बदलायला दहा मिनिटं लागली, कारण प्रत्येक नावाआधी मामी टेबलावरचा त्या नंबराचा फर्मा उचलून दाखवत होत्या, मगच पुढं. पाचाचा एक झाला. एकाचा दोन. सगळे बदलून झाल्यावर मामांनी पहिल्या तुकड्यावर बोट मारलं. चौकट विचारात पडली. आणि मग भराभरा नावं उतरायला लागली. वाक्य एक. वाक्य दोन. वाक्य तीन.

मामांच्या जिवात जीव आला, पण फार काळ टिकला नाही. कॉम्प्युटर एकेक वाक्य असं सोडवत होता की जणू प्रत्येकासाठी कुणाची तरी परवानगी काढून येतोय. ऐंशी वाक्यांना चाळीस मिनिटं. त्र्याऐंशीवर थांबला. लाल चौकट आली. दुसरा तुकडा अपुरा आहे. थांबू, की जे नाही ते सोडून पुढं जाऊ?

मामांनी हात मागं घेतला. त्या दिवशी त्यांनी दिलेल्या 'हो'चा हिशेब समोरच होता. "तू दाब," ते म्हणाले. "माझ्या बोटाचा भरवसा नाही आता."

मामींनी चौकट दोनदा वाचली, ओठ हलवत. मग हाडाच्या पट्टीच्या टोकानं बटण दाबलं. 'पुढं जा.'

पट्टी तशीच थांबून राहिली. चार वाजले. चार वाजून पाच. दोघंही काही करू शकत नव्हते. मामांनी मामींचा हात धरला होता, तो कधी धरला ते त्यांना आठवत नव्हतं. मग वाक्य एकशे बहात्तर उतरलं. त्यामागून एकशे त्र्याहत्तर. मागचे तुकडे भराभर सुटत गेले, कॉम्प्युटरलाही एकदाची घरी जायची घाई झाली असावी. चार वाजून वीस मिनिटांनी चारशे बारावं वाक्य आलं.

चौऱ्याऐंशी ते एकशे एकाहत्तर नव्हती. अठ्ठ्याऐंशी वाक्यं कायमची गेली.

मामांनी ताईंना फोन लावला. "तीनशे चोवीस मिळालीत. चालतील?"

"तीनशेच्या वर असली की चालतं," ताई म्हणाल्या. "आवाज जुळवायला पुरेसं आहे. पण पाचच्या आत हं, मामा. पाचनंतर दार बंद."

फोन ठेवून मामांनी यादीतली सगळी वाक्यं पाठवायला लावली आणि मग यादीचा कागद काढून बोट फिरवत खाली आले. शंभर. एकशे दहा. एकशे बारा. मावशीच्या मांजरीने मऊ मोजे. बोट तिथं थांबलं. यंत्राला हसू लागत नाही. यंत्र मामींच्या आवाजात पाणी मागेल, भाव करेल, भांडेलही, पण हसणार नाही. ते हसू एकाच जागी होतं आणि मामांनी ते डॉक्टरला देऊन टाकलं होतं.

मामींनी कागदावर काय आहे ते बघितलं. त्यांनाही आठवलं. त्या काही लिहायला गेल्या, पेन्सिल टेकवली आणि मग ठेवून दिली.

"मला शिव्या दे ना," मामा म्हणाले. "लिही. हवा तेवढा पुठ्ठा घे."

मामींनी दोनदा ठोकलं, अगदी हळू.

पडद्यावर नवी पट्टी सरकत होती. तीनशे चोवीसपैकी एकोणचाळीस. चाळीस. मामांना ती बघवेना. आणखी एक पट्टी नव्व्याण्णववर अडलेली बघितली असती तर त्यांनी कॉम्प्युटर उचलून कटरखाली घातला असता. ते उठून कारखान्यात आले. सकाळच्या खळीवर जाड साय धरली होती. उगाच ब्रश घेऊन ते ती ढवळायला लागले. गुठळ्या मोडेनात. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता, कारण आत जी बसली होती ती हाक मारू शकत नव्हती. घड्याळ बघायचं नाही असं ठरवून त्यांनी तीनदा बघितलं. चार पन्नास. चार बावन्न. चार चोपन्न.

"अहो!"

"आलो, आलो!" मामा म्हणाले आणि ब्रश हातात तसाच घेऊन धावले. तेहतीस वर्षं जसे धावत होते तसेच, आधी पाय आणि मग डोकं. दारात पोचले आणि तिथंच खिळले.

मामी कॉम्प्युटरपुढं बसल्या होत्या, एक बोट अजून बटणावर. पडद्यावर हिरव्यात लिहिलं होतं, तीनशे चोवीसपैकी तीनशे चोवीस पोचली. त्याखाली एक वाक्य उघडं होतं, शून्य नंबरचं. यादीत नसलेलं, पहिल्या दिवशी माइक तपासताना आपोआप रेकॉर्ड झालेलं, भाचीनं न पुसता सगळ्यांच्या वर ठेवलेलं. आवाज अजून चालूच होता. "अहो, झालं का सुरू? हा लाल दिवा लागलाय बघा. मी बोलू का? काय बोलू? आणि तुम्ही तिथं उभे राहून मला हसवू नका हं, सांगून ठेवते."

मग खट् असा आवाज आणि शांतता.

मामी पाठमोऱ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मामांना वाटलं, रडतेय, माझ्यामुळे. ते पुढं होऊन खाली वाकले आणि मामींचा चेहरा बघितला.

मामी हसत होत्या. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, गळ्यातल्या भोकातून फुस फुस हवा, आणि आवाज मुळीच नाही. मामांकडे, त्यांच्या हातातल्या ब्रशकडे, त्यांच्या धावत येण्याकडे बोट दाखवत त्या पोट धरून हसत होत्या. पाच आठवड्यांत मामांनी हे बघितलं नव्हतं. कदाचित झालंही असेल, त्यांनी कानांनीच शोधलं असेल. आता त्यांनी डोळे भरून बघून घेतलं, खांदे कसे हलतात, मान कशी मागं जाते, सगळं.

"परत एकदा लाव ना," ते म्हणाले. 

मामींनी दोनदा ठोकलं. डोळे पुसले, पुठ्ठ्याची एक पट्टी ओढली आणि लिहिलं, 'हात धुऊन या. खळ जमिनीवर गळतेय.'